आपण हरलो

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला आमची धाकटी बहीण माहेरी आली, आणि तिच्याबरोबर पुण्याहून तिचा मुलगाही आला. मुलगा म्हणावयाचे ते नात्याने; वयाने तो पस्तिशीला टेकला आहे आणि एका कारखान्यात अभियंता आहे. जेवणे आटोपून आम्ही दोघे सुपारी कातरीत बसलो असता तो एकाएकी म्हणाला, "मामा, मी एक ठरवले आहे. यापुढे कोणत्याही संघाला आपला म्हणायचे नाही. खेळ बघायचा, पण परक्यासारखा." एखाद्याने संन्यास घेण्याचा मनोदय कळवावा, तशा स्वरात हे वाक्य त्याने उच्चारले. प्रथम आम्हांस हसू आले. परंतु त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ते आम्ही तेथेच आवरले.

त्याची हकीकत थोडक्यात अशी. २००९ साली तो शिक्षणासाठी पुण्यास गेला, आणि त्याच वर्षी पुणे फुटबॉल क्लब हा संघ आय-लीग या राष्ट्रीय साखळी स्पर्धेत दाखल झाला. बालेवाडीच्या मैदानावर जाऊन ओरडून ओरडून घसा बसवून घेणे हा या मुलाचा क्रम झाला. २०१२-१३ च्या हंगामात तो संघ उपविजेता ठरला. विजेतेपद मात्र हाती आले नाही, आणि २०१५ साली चालकांनी संघच बंद केला. तोवर, २०१४ साली, एफसी पुणे सिटी हा दुसरा संघ निघाला होता. आमच्या भाच्याने आपली निष्ठा तिकडे वळविली. पाच हंगामांत हा संघ एकदाच, २०१७-१८ साली, उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला आणि तेथे थांबला. २०१९ साली तोही बंद झाला. त्याची स्पर्धेतील जागा हैदराबादच्या एका नव्या संघाला मिळाली. आणि त्या संघाने २०२१-२२ च्या हंगामात अजिंक्यपद पटकावले. मध्यंतरी क्रिकेटच्या क्षेत्रातही त्याच्या नशिबाने पाठ सोडली नव्हती. २०१७ च्या आयपीएलमध्ये पुण्याचा संघ अंतिम सामना मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला, तोही हैदराबादेत. आणि त्यानंतर तो संघ पुन्हा मैदानात उतरला नाही.

वाङ्मयचर्चेला वाहिलेल्या मासिकात हा चेंडूफळीचा विषय कशाला, असे आमच्या काही वाचकांस वाटेल. त्यांना आमची विनंती अशी की, त्यांनी थोडा धीर धरावा. भाच्याचे ते वाक्य ऐकल्यापासून आम्हांस जो प्रश्न छळीत आहे तो मुळात मैदानावरचा नसून टीकाशास्त्रातलाच आहे. दुःख पाहण्यात आनंद का वाटतो, हा तो प्रश्न होय. एकच प्याला पाहून पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षक सिंधूसाठी रडले आणि पुढच्या प्रयोगाला पुन्हा तिकीट काढून गेले. या कोड्याचा उलगडा करण्यासाठी १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनात अध्यक्षपदावरून नरसिंह चिंतामण केळकरांनी सविकल्प समाधीची उपपत्ती मांडली. दुसऱ्याच्या भूमिकेशी समरस व्हावे आणि तरीही आपण आपणच आहोत हे भान सुटू नये, या दुहेरी अवस्थेत वाङ्मयानंदाचे मूळ आहे, असा तिचा आशय आहे. पुढे १९४२ साली के. ना. वाटव्यांचा रसविमर्श निघाला आणि करुणरसाच्या स्वरूपाची चर्चा अधिक शास्त्रशुद्ध झाली. हे सर्व वर्गात शिकवीत आमचे आयुष्य गेले. मग नाटकातील दुःखाने जर आनंद होतो, तर आपल्या संघाच्या दुःखाने आमच्या भाच्याला केवळ दुःखच का व्हावे? बालेवाडीच्या पायऱ्यांवर बसलेला प्रेक्षक हा नाट्यगृहातल्या प्रेक्षकाहून वेगळा कसा?

आमच्या मते याचे उत्तर अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने त्याने सांगितली आहेत. त्यांपैकी एक म्हणजे स्थळकाळाचा आणि आपपराचा विशिष्ट आवेश. दुसरे म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होणे. ज्याच्या घरी आजच दुःखद वार्ता आली आहे, त्याला नाटकातला शोक चाखता येत नाही. कारण त्याचे मन आपल्या शोकात गुंतलेले असते. आता संघाच्या निष्ठावंत चाहत्याकडे पाहा. ही दोन्ही विघ्ने त्याच्या ठायी मूर्तिमंत उभी असतात, किंबहुना त्यांवाचून तो चाहता ठरतच नाही. हे शहर माझे, हा संघ माझा, हा गोल माझ्यावर झाला, असे ज्याला वाटत नाही त्याला आपण तटस्थ प्रेक्षक म्हणतो. चाहता हा सहृदय नव्हे. तो त्या घरचा नातलग आहे. नातलगाने आपल्या घरच्या मृत्यूचा रसास्वाद घ्यावा, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो शोक. करुण हा रस. शोक हा नुसता भाव. या दोहोंमधले अंतर कसे तोडावे, एवढाच प्रश्न उरतो.

या प्रश्नावर अधिकाराने बोलावे इतका अनुभव आमच्या पदरी आहे. कारण आमचे घराणे रणजी करंडक स्पर्धेतील महाराष्ट्र संघाचे आहे. ज्यांस हा इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी तो सांगितला पाहिजे. एका महाराष्ट्र राज्यातून या स्पर्धेत तीन संघ उतरतात: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. मुंबईने २०२३-२४ साली आपले ४२ वे विजेतेपद मिळविले. विदर्भाने १९५७-५८ पासून साठ वर्षे वाट पाहिली आणि मग २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ असा तीनदा करंडक जिंकला. राज्याचेच नाव धारण करणाऱ्या आमच्या संघाने तो दोनदा जिंकला, १९३९-४० आणि १९४०-४१ साली. त्या वेळी संघाचे कर्णधार दि. ब. देवधर होते, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभे. आमच्या व्यवसायबंधूंच्या वाट्याला असे भाग्य पुन्हा आले नाही, आणि आमच्या संघाच्याही नाही. त्यानंतर संघ तीन वेळा अंतिम सामन्यात हरला. १९७१ साली मुंबईचे प्रमुख खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेले असता सुधीर नाईकांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या मुंबईने आम्हांस ४८ धावांनी हरविले. १९९३ साली लुधियान्यास पंजाबने हरविले. त्याच वर्षी ऑगस्टात देवधर वयाच्या १०१ व्या वर्षी निवर्तले. २०१४ साली कर्नाटकाने सात गडी राखून हरविले, आणि तो सामनाही हैदराबादेतच झाला.

हैदराबादचा हा पुनःपुन्हा येणारा उल्लेख आमच्या घरात थोडा बोचतो, त्याचे कारण निराळे आहे. आमचे आजोबा निजामाच्या राज्यात या शहरी, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, न्यायकचेरीत नोकरीस होते. त्यांचा संघ हैदराबाद. १९३७-३८ साली नवानगरविरुद्ध एक गडी राखून हैदराबादने रणजी करंडक जिंकला, तो आनंद त्यांना पुरता उपभोगता आला. पुढे रझाकारांच्या धामधुमीत त्यांनी आपल्या मुलाला, म्हणजे आमच्या वडिलांना, पुण्यास त्यांच्या मामांकडे ठेवले. मामा महाराष्ट्र संघाचे कट्टर अभिमानी. त्यांनी अकरा वर्षांच्या भाच्याला सामन्याला नेले, आणि मुलगा बिघडला. पुढे १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाले, आणि वडिलांच्या निष्ठेवर जणू राजमुद्रा उमटली. फक्त एवढेच झाले की, १९८६-८७ साली हैदराबादने करंडक पुन्हा जिंकला. आणि आम्ही तेव्हा महाविद्यालयात नुकतेच पाऊल टाकलेले, घरात वर्तमानपत्र उघडून बसलो होतो. आजोबांचा संघ जिंकला होता आणि आमचा घरी बसला होता. वडील एवढेच म्हणाले, "तुझे आजोबा शहाणे होते."

पराभवाचे हे दुःख कसे सोसावे, याविषयी लोकांनी नाना उपाय काढले आहेत. टीकाकाराचे काम ते तपासून पाहण्याचे आहे. पहिला उपाय संघ बदलण्याचा. उगवत्या सूर्याला नमस्कार करणारी मंडळी सर्वच क्षेत्रांत असतात. ती सुखी असतात हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. परंतु त्यांना विजयाने जो आनंद होतो त्याची खोली आम्हांस संशयास्पद वाटते. ज्याने काही गुंतविलेच नाही, त्याला मिळाले तरी किती मिळणार? दुसरा उपाय दोष देण्याचा: निवड समिती, पंच, खेळपट्टी, आणि आमच्या बाबतीत अर्थातच मुंबई. याने मन क्षणभर हलके होते खरे. पण शोकाची जागा द्वेषाने घेतली, एवढेच. तिसरा उपाय कोल्ह्याच्या द्राक्षांचा. खेळ तो खेळच, त्यात काय एवढे, असे हसून म्हणावयाचे. हे म्हणणारा मनुष्य सामन्याच्या आदल्या रात्री काय करीत होता, हे त्याच्या पत्नीस विचारावे.

चौथा उपाय सर्वांत सूक्ष्म आहे, कारण तो करणाऱ्याला स्वतःलाही कळत नाही. १९७६ साली रॉबर्ट सियालदिनी आणि त्यांचे सहकारी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक मार्मिक अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या विद्यापीठाचा संघ फुटबॉलचा सामना जिंकला की, त्यानंतरच्या सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाचे नाव वा चिन्ह असलेले कपडे अधिक प्रमाणात घालून येतात, असे त्यांना आढळले. तेथील फुटबॉल हा हाताने खेळावयाचा निराळा प्रकार आहे, पण मनुष्यस्वभाव तोच. त्याहून लक्षणीय गोष्ट सर्वनामांची. विजयाविषयी बोलताना विद्यार्थी प्रथमपुरुषी अनेकवचन योजीत. पराभवाविषयी बोलताना तेच विद्यार्थी तृतीयपुरुषाकडे वळत. आम्ही जिंकलो, ते हरले. व्याकरणाचा एवढा चतुर उपयोग आमच्या वर्गात कोणी क्वचितच केला असेल.

येथे मराठी भाषेची एक श्रीमंती आम्हांस सांगितल्यावाचून राहवत नाही. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचन एकच आहे. मराठीत दोन आहेत: 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हणताना त्याला आत घेतले जाते. आम्ही जिंकलो, यात थोडी फुशारकी आहे. आपण हरलो, यात एक हात समोरच्याच्या खांद्यावर ठेवलेला आहे. आमचे वडील सामन्यांची एक वही ठेवीत असत. आमचा जन्म नुकताच झाला होता तेव्हाच्या, १९७१ सालच्या, पानावर धावसंख्येखाली त्यांच्या अक्षरात दोनच शब्द आहेत: "आपण हरलो." ज्या घरात त्या वेळी ते वाचू शकणारे दुसरे कोणी नव्हते, त्या घरातल्या वहीत त्यांनी 'आपण' हा शब्द कोणासाठी लिहिला असावा, याचा विचार आम्ही पुष्कळदा केला आहे.

या विषयावर इंग्रजीत एक चांगला ग्रंथ आहे. निक हॉर्नबी या लेखकाचा फीव्हर पिच हा आत्मकथनपर ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला. १९६८ साली वडिलांनी त्याला लंडनच्या आर्सेनल संघाच्या सामन्याला नेले, तेथून हे व्यसन सुरू होते. आणि ग्रंथाची रचना आयुष्यातल्या घटनांवर नव्हे, तर एकेका सामन्याच्या तारखेवर केलेली आहे. शिक्षण, नोकरी, प्रेमभंग हे सर्व त्या तारखांच्या बाजूने उभे राहते. ही रचना हाच ग्रंथाचा मोठा गुण होय, कारण चाहत्याच्या आयुष्याची कालगणना खरोखरच अशी असते. दुसरा गुण प्रामाणिकपणाचा. चाहत्याचा क्षुद्रपणा, त्याचा आत्मकेंद्रितपणा, आप्तेष्टांना त्याचा होणारा जाच, यांवर लेखकाने पांघरूण घातलेले नाही. आणि निराशेच्या वर्णनात त्याचा हात विशेष चालतो. १९७१ नंतर १८ वर्षांनी, २६ मे १९८९ रोजी, आर्सेनलने लिव्हरपूलच्या मैदानावर अगदी अखेरच्या क्षणी केलेल्या गोलाने अजिंक्यपद जिंकले, तो प्रसंगही त्यात आहे.

परंतु आमच्या दृष्टीने ग्रंथाची उणीव याच ठिकाणी दिसते. आर्सेनलचा चाहता १८ वर्षे थांबला आणि त्याला फळ मिळाले. थांबणे सार्थ झाले की कथेला आपोआप आकार येतो. मागील सर्व पराभव त्या एका गोलाची पूर्वतयारी ठरतात. ज्यांचा १९८९ कधी येतच नाही, त्यांचे काय? महाराष्ट्र संघ १९४१ पासून थांबला आहे. आमचे वडील थांबले आणि गेले. त्यांच्या कथेला आकार कोणी द्यावा? शिवाय, या आसक्तीकडे लेखक मुख्यतः एका व्यक्तीचा ज्वर म्हणून पाहतो. ग्रंथनामातच तो ज्वर आहे. आमच्या अनुभवात हा एकट्याचा आजार नसून घराण्याचा वारसा आहे. शेत नापीक आहे म्हणून वारसा नाकारणारे असतात. पण आजोबांची विहीर त्याच शेतात आहे हे ज्याला आठवते, त्याला तो इतक्या सहज नाकारता येत नाही.

आता वडिलांनी काय केले ते सांगतो. वडील कोणी स्थितप्रज्ञ नव्हते. १९९३ साली लुधियान्याची बातमी आली त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत, आणि आमच्या आईने जे काही ऐकविले ते येथे देण्यासारखे नाही. परंतु चार-आठ दिवस गेले की, ते एक कथा सांगत. ती कथा १९४८-४९ च्या हंगामाची. त्या डिसेंबरात पुण्यास भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम नऊच धावा दूर राहिला असता प्रतिपक्षाने सामनाच सोडून दिला. आणि ज्या माणसाने ४४३ धावा केल्या त्याला अधिकृत कसोटी सामना एकही खेळावयास मिळाला नाही. त्याच हंगामात पुण्यासच मुंबईविरुद्ध उपान्त्य सामना झाला. मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४ धावा केल्या. महाराष्ट्राने पहिल्या डावात ४०७ केल्या होत्या. म्हणजे चौथ्या डावात विजयासाठी ९५९ हव्या होत्या. वडील येथे थांबत आणि विचारीत, "अशा वेळी तू काय केले असतेस?" मग सांगत की, आपण ६०४ केल्या. रेग्यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये चौथ्या डावात याहून मोठी धावसंख्या जगात एकदाच झाली आहे. सामन्यात एकूण २३७६ धावा झाल्या, आणि आपण ३५४ धावांनी हरलो. मुंबईचे खेळाडू किती सुंदर खेळले हेही ते तितक्याच तन्मयतेने सांगत. दत्तू फडकर आणि उदय मर्चंट यांच्या दोन्ही डावांतील शतकांविषयी बोलताना त्यांच्या स्वरात कडवटपणाचा लवलेश नसे. त्या सामन्याचा एक दिवस त्यांनी मामांच्या शेजारी बसून पाहिला होता.

शोकातून श्लोक जन्मला, ही वाल्मीकीची कथा आपल्या टीकाशास्त्राच्या मुळाशी आहे. क्रौंचवधाचा शोक हा प्रथम नुसता शोकच होता. त्याला शब्द, छंद आणि ऐकणारा मिळाला तेव्हा तो काव्य झाला. वडिलांच्या कथाकथनात आम्हांस तेच रूपांतर दिसते. नाटकातला शोक कवीने आधीच घडवून आणलेला असतो. प्रेक्षकाला तो तयार मिळतो. मैदानावरच्या शोकाला कवी नाही. तेथे जे घडते ते ओबडधोबड, अर्थहीन, पुष्कळदा पावसाने अर्धवट राहिलेले असे असते. त्याला आकार द्यावयाचा तर तो चाहत्यानेच, आणि तोही मागाहून. नातलगाचा सहृदय व्हावयाचा असेल, तर त्याला आपल्या दुःखाची कथा सांगता आली पाहिजे. अभिनवगुप्ताची ती दोन विघ्ने ओलांडण्याचा याखेरीज दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही. मात्र कथा खरी हवी: आकडे जसेच्या तसे, चुका चुकाच म्हणून. तीत प्रतिस्पर्ध्याला न्याय हवा, नाहीतर ती तक्रार होते. आणि ऐकणारा हवा, नाहीतर ते स्वगत होते.

हे मान्य केले म्हणजे आमच्या संघाचे खरे वैभवही नजरेस येते. काव्यशास्त्रात मुक्तक आणि प्रबंध असा भेद आहे. मुक्तक हा एकेकटा श्लोक, स्वतःपुरता पूर्ण. प्रबंध म्हणजे सर्गबद्ध, फलप्राप्तीपर्यंत नेलेली रचना. मुंबईने ४२ प्रबंध लिहिले. आमचा संघ मुक्तकांचा कवी आहे. १९३९-४० साली विजय हजाऱ्यांनी महाराष्ट्राकडून नाबाद ३१६ धावा केल्या आणि मग ते बडोद्यास गेले. २०१३-१४ च्या हंगामात केदार जाधवांनी १२२३ धावा काढल्या आणि करंडक कर्नाटकाने नेला. २०१६ च्या ऑक्टोबरात दिल्लीविरुद्ध वानखेडे मैदानावर स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांनी तिसऱ्या गड्यासाठी ५९४ धावांची अभंग भागी केली. बावणे आमच्या पैठणचे. त्यांच्या नाबाद २५८ धावा वडिलांनी वहीत उतरविल्या तेव्हा त्यांचा हात कापत होता. सामना अर्थातच अनिर्णित राहिला. ज्याला केवळ फलप्राप्तीच वाचता येते, त्याला हे वाङ्मय रिते वाटेल. ज्याला श्लोक वाचता येतो त्याला अर्धी सायंकाळ पुरणार नाही.

तथापि आमच्या उपपत्तीवर भाच्याने जो आक्षेप घेतला तो आम्हांस येथे लपवून ठेवता येत नाही. तो म्हणाला, "मामा, आजोबांचा संघ हरला, पण राहिला. माझे संघ हरले आणि बंद झाले. ज्याचे नावही कोणी घेत नाही, त्याची कथा मी कोणाला सांगू?" आक्षेप खरा आहे. रणजीचा संघ एका प्रांताचा असतो. त्याचा धनी कोणी नाही, म्हणून त्याला कोणी एका सकाळी कुलूप लावू शकत नाही. आजकालचे पुष्कळ संघ भांडवलावर उभे राहतात. हिशेब जमला नाही की मिटतात, आणि त्यांच्या नावाने गळा फोडणाऱ्यांस त्या हिशेबात रकाना नसतो. चाहत्याने 'आपण' म्हटले होते. चालकांच्या कोशात तो शब्द नव्हता. या गोष्टीचा राग येणे योग्यच आहे, आणि तो राग शमविण्यासाठी करुणरसाचा उपयोग करावा असे आम्ही म्हणणार नाही. अन्यायाला रस समजणे ही टीकाकाराची जुनी खोड आहे.

मात्र त्या रागातून त्याने जो निष्कर्ष काढला, तो आम्हांस मान्य नाही. परक्यासारखे पाहणे म्हणजे रसिक होणे, असे त्याला वाटते. वस्तुतः ज्याला काहीच आपले वाटत नाही त्याला सविकल्प समाधीही लागत नाही. त्याच्यापाशी नुसता विकल्प उरतो. बालेवाडीच्या पायऱ्यांवर त्याच्या शेजारी बसून ओरडणारे मित्र होते. संघ गेला, ते कोठे गेले, असे आम्ही त्याला विचारले. थोडा वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला की, दोघे परदेशी आहेत, एक पिंपरीस आहे, आणि २०१८ च्या त्या उपान्त्य सामन्याच्या दिवशी अजूनही एकमेकांस निरोप धाडण्याचा त्यांचा परिपाठ आहे. निरोपात काय लिहिता, असे विचारता तो प्रथमच हसला. "काही नाही. कोणाची कोणती चूक झाली ते."

आम्ही उठून कपाटातली वही काढून आणली. २०१४ च्या फेब्रुवारीचे पान उघडले. महाराष्ट्र ३०५ आणि ३६६. कर्नाटक ५१५ आणि ३ बाद १५७. त्या दिवशी वडील दूरचित्रवाणीपुढे अखेरच्या धावेपर्यंत बसून होते. आम्ही संच बंद करू पाहता त्यांनी हाताने थांबविले होते. आकड्यांखाली, १९७१ आणि १९९३ च्या पानांवर आहेत तेच दोन शब्द, वृद्ध अक्षरात. भाच्याने ते पान बराच वेळ पाहिले. संघ आपला म्हणण्याविषयीचा आपला निश्चय त्याने मागे घेतला की नाही, हे त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. निघताना मात्र त्याने वहीत शेवटची कोरी पाने किती आहेत ती मोजली, आणि एक दिवस ही वही आपण पुण्यास नेली तर चालेल का, असे आईला न विचारता आम्हांस विचारले.